नाडीचे चाळीस ठोके

माझ्या धाकट्या बहिणीनं आमच्या वाद्यवृंदासाठी एकच रचना लिहिली आणि ती आम्ही वाजवली नाही. एवढं एक वाक्य लिहायला मला वर्ष लागलं. मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, दुसऱ्यांची पुस्तकं जागच्या जागी लावून ठेवली. स्वतःचं काही लिहायची वेळ आली तेव्हा हेच वाक्य पुढे येऊन उभं राहिलं, आणि ते कागदावर उतरल्याशिवाय दुसरं काही येईना.

रत्नागिरीत वाद्यवृंद म्हटलं की लोक विचारतात, "गायिका कुठली?" ऑर्केस्ट्रा म्हणजे सिनेमाची गाणी, चकाकणारा कोट आणि मधूनमधून विनोद सांगणारा निवेदक. आमच्याकडे यातलं काही नव्हतं. आम्ही नऊजण होतो. एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात दर रविवारी सकाळी तालीम व्हायची. बाकं भिंतीला सरकवायची, सतरंजी अंथरायची आणि पोस्टर कलरच्या वासात वाद्यं लावायची. नाट्यपदं, अभंग, दोन-चार धुना, आणि शेवटी भैरवी. वर्षातून एकदा, डिसेंबरात, त्याच शाळेच्या सभागृहात कार्यक्रम. ऐकायला आमचेच नातेवाईक, शेजारी, निवृत्त मंडळी. त्यांना सगळं पाठ असायचं. मी कुठल्या पदात कुठे मींड घेणार हे पहिल्या रांगेतल्या एका आजोबांना माझ्याआधी ठाऊक असे, आणि मी तिथे पोचण्यापूर्वीच ते "वा" म्हणून मोकळे होत.

मी व्हायोलिन वाजवायचो आणि सुरुवात करायचं काम माझं होतं. तसं कोणी ठरवलेलं नव्हतं. पण मी गज उचलला की सगळे उचलायचे. त्यावरून मला मास्तर हे नाव पडलं.

हे व्हायोलिन वडिलांनी आणलेलं. ते मालवाहू बोटीवर होते, आणि एका खेपेला कुठल्याशा बंदरातून त्यांनी ते विकत आणलं. मोठा म्हणून ते मला मिळालं. बहीण तेव्हा सहा वर्षांची असेल. मी खोलीत गज ओढत बसायचो आणि ती पडवीत गजगे खेळता खेळता ओरडायची, "दादा, दुसरी तार उतरलीय." खरोखरच उतरलेली असायची. पुढच्या सुट्टीत वडील घरी आले तेव्हा त्यांच्या ते ध्यानात आलं. "वाद्य चुकीच्या हातात गेलं वाटतं," ते हसून म्हणाले. चेष्टाच होती ती. पण त्यांनी ते तिला दे असं म्हटलं नाही, आणि मीही दिलं नाही.

ती पुण्याला संगीत शिकली. नंतर बरीच वर्षं मुंबईत नाटकांना आणि माहितीपटांना संगीत देत होती. आईच्या शेवटच्या आजारपणात घरी आली आणि आई गेल्यावर परत गेली नाही. लग्न तिनं केलं नव्हतं, मीही नाही. घरात आम्ही दोघंच उरलो. सकाळी ती भाट्याच्या पुलापर्यंत चालायला जाई, येताना बाजारातून भाजी किंवा मासे आणी, आणि दुपारी मुलांच्या शिकवण्या घेई. रविवारी माझ्याबरोबर तालमीला येऊन कोपऱ्यात तंबोरा धरून बसायची. दोन वर्षं ती अशी नुसती ऐकत बसली होती.

एके दिवशी भात वाढताना म्हणाली, "दादा, मी तुम्हा लोकांसाठी काहीतरी लिहू का?"

"लिही की," मी म्हणालो. एखादी धून असेल असं मला वाटलं.

पुढच्या रविवारी ती मनगटी घड्याळ घेऊन आली आणि एकेकाच्या समोर बसून नाडी मोजायला लागली. आमच्यातले तबलजी सगळ्यांत वडीलधारे. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, निवृत्त होऊन आठ-दहा वर्षं झालेली. त्यांनी मनगट पुढे केलं आणि विचारलं, "काय गो बाय, जगतंय का म्हातारा?"

"चोपन्न," ती म्हणाली. "तुमचं इंजिन अजून सावकाश चालतंय."

"डिझेल वाचतं."

बासरी वाजवणारे साहेब बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना हा प्रकार आवडला नाही, पण मनगट दिलं. क्लॅरिनेटवाला आमच्यात वयानं सर्वांत लहान, चाळिशीचा. लग्नाच्या बँडमध्ये वाजवणारा. तो म्हणाला, "ताई, औषध पण लिहून द्या." माझी नाडी तिनं सर्वांत शेवटी पाहिली. ब्याण्णव. दोनदा मोजली.

"दादा, तू नेहमी सगळ्यांच्या आधी येणार," ती म्हणाली. "घाबरट माणसाची नाडी."

सगळे हसले. मीही हसलो.

रचना तयार झाली तेव्हा या मोजणीचा अर्थ कळला. रोज सकाळी पुलावरून तिला खाडीत नांगरलेल्या होड्या दिसत. ती म्हणाली, होड्या एकाच पाण्यावर असतात पण एकदम हलत नाहीत. प्रत्येकीचं वजन वेगळं, दोर वेगळा. तरी बघणाऱ्याला त्या वेगवेगळ्या वाटत नाहीत. तसं तिला आमच्याकडून ऐकायचं होतं. ताल नव्हता, त्यामुळे सम नव्हती. सुरुवातीला मी एकट्यानं कोमल धैवत लावायचा, लांब. मग बाकीच्यांनी आपापल्या श्वासाच्या लांबीनं, कोणाकडेही न बघता, दिलेले सूर वाजवत जायचं. बासरी आणि क्लॅरिनेट यांनी एकच सूर धरायचा, पण एकानं केसभर उतरता, म्हणजे दोघांच्या मध्ये पाण्यासारखी थरथर ऐकू येईल. मग सगळ्यांनी एकदम थांबायचं. वाद्यं मांडीवर ठेवून प्रत्येकानं स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवायची आणि नाडीचे चाळीस ठोके मोजायचे. ज्याचे चाळीस झाले त्यानं आपले चार सूर वाजवून गप्प बसायचं. माझी नाडी सर्वांत जलद, म्हणून आधी मी. तबलजींची सर्वांत संथ, म्हणून शेवटी ते. त्यांचा शेवटचा हात पडला की रचना संपली.

तिनं हे समजावून सांगितलं आणि एकेकाच्या हातात त्याचा कागद दिला. मग क्लॅरिनेटवाल्यानं विचारलं, "ताई, पण मान कुठे हलवायची?"

"कशाला हलवायला हवी?"

"अहो, सम आली की माणूस मान हलवतो. आम्हीच हलवली नाही तर समोरचे कशी हलवणार? त्यांना वाटेल आम्ही अजून वाद्यं लावतोय."

हसू झालं. तीही हसली. पण चार-पाच रविवार गेले तसं हसू कमी होत गेलं. साहेबांना ती केसभर उतरती जागा सोसेना. "मॅडम, सूर जागेवर बसावा म्हणून मी वीस वर्षं घालवली. आता या वयात तुम्ही म्हणता, तो हलवा. मला जमणार नाही असं नाही. माझ्यानं करवणार नाही." आणि ते खरंच सांगत होते. बासरी ओठांना लावली की त्यांचा सूर आपोआप नेमका बसायचा, ती कितीही म्हणाली तरी.

तबलजींचं दुखणं निराळं होतं. त्या चाळीस ठोक्यांच्या शांततेत त्यांना बसता येत नव्हतं. वीसेक ठोके होतात न होतात तोच त्यांची बोटं डग्ग्यावर पडायची. एक बारीकसा उठाण, समेवर नेऊन सोडणारा. समच नाही, तरी.

"काका," ती म्हणायची.

"माझा हात माझं ऐकत नाय गो बाय. रिकामी जागा दिसली की जातोच. पन्नास वर्षं तेच केलंय. गाणारा दमला, पेटीवाला चुकला, कोण पानं उलटत बसला, की मी भरायचं. तू आता सांगत्येस भरू नको. मग मी बसू कशाला हितं?"

यात राग नव्हता.  ती म्हणाली, "तुम्ही बसलात की ती जागा रिकामी वाटत नाही, काका. म्हणून बसा."

त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नव्हतं.

घरी आल्यावर ती मला विचारायची, "तुला तरी बरं वाटतंय का रे?" मी म्हणायचो, "हळूहळू येईल." खरं तर मला काहीच कळत नव्हतं. मला फक्त एवढं दिसत होतं की डिसेंबरात पहिल्या रांगेतले आजोबा "वा" कुठे म्हणावं ते शोधत बसतील, मागच्या रांगेतली मुलं मनगटं धरून बसलेल्या आम्हाला बघून फिदीफिदी हसतील, आणि माझी बहीण ते ऐकेल.

कार्यक्रमाच्या आदल्या रविवारी तालीम लवकर संपली. तिला शिकवणी होती म्हणून ती पुढे गेली. आम्ही चौघं शाळेच्या फाटकाबाहेरच्या टपरीवर चहाला थांबलो. साहेब म्हणाले, "हे बघा, मी स्पष्ट बोलतो. हे वाजवायचं असेल तर मी येणार नाही. आणि मला त्या बाईंना नाही म्हणायची हिंमत नाही. तुम्ही भाऊ आहात, तुम्ही सांगा."

"मी नाही सांगू शकत," मी म्हणालो.

मग क्लॅरिनेटवाल्याला ते सुचलं. "ताईंचं आहे अभंगानंतर. त्याच्या आधीच भैरवी घेऊ या ना. अभंग झाला की लगेच. भैरवी झाल्यावर कोण काय वाजवतं?"

आमच्याकडे हा नियम कोणी लिहून ठेवलेला नाही, आणि त्याची गरजही नाही. मैफल भैरवीनं संपते. भैरवीनंतर कितीही मोठा कलाकार असो, तो वाद्य खाली ठेवतो, आणि श्रोते चपला शोधायला लागतात. कोणाला नाही म्हणायला नको, कोणाचा अपमान नको. ताईंना वाटेल, चुकून झालं.

तबलजी बशीतला चहा फुंकत होते. "बायला वाईट वाटंल," ते म्हणाले.

"लोक हसले तर जास्त वाटेल," मी म्हणालो. हे मीच म्हणालो. तिथेच ते ठरलं.

कार्यक्रमाच्या दिवशी ती पहिल्या रांगेत टोकाच्या खुर्चीत बसली होती. आईची जांभळी साडी नेसली होती. तिच्या रचनेत तंबोरा नव्हता, म्हणून अभंग झाल्यावर ती मंचावरून उतरून समोर जाऊन बसली होती. तिला ते बाहेरून ऐकायचं होतं. अभंगाच्या टाळ्या संपल्या. पदांची नावं तेवढी सांगणाऱ्या शाळेतल्या बाई माइककडे यायला उठल्या होत्या, त्याच्या आत मी गज उचलला. कोमल धैवतावर ठेवला. आणि तिथून खाली भैरवीत उतरलो.

तबल्याचा ठेका आला. बासरी आली. आम्ही भैरवी इतकी सुंदर पूर्वी कधी वाजवली नव्हती. निवेदिका बाई अर्ध्यावर थांबून खाली बसल्या. आजोबा डोळे मिटून डोलत होते. मागे बायकांनी पर्स उघडून रिक्षाची बोलणी सुरू केली होती. मी एकदाच तिच्याकडे बघितलं. ती हात मांडीवर ठेवून ऐकत होती, आणि तिची उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर होती. शेवट झाला तेव्हा तिनं सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

घरी येताना ती रिक्षात म्हणाली, "भैरवी छान झाली."

मी म्हणालो, "निवेदनात जरा गोंधळ झाला."

"हो," ती म्हणाली.

त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. पुढच्या रविवारी ती तालमीला आली. तंबोरा लावून दिला. नऊ जणांचे कागद गोळा करून घरी घेऊन गेली आणि कपाटात ठेवले. पुढची दोन वर्षं ती आम्हाला जुनी नाट्यपदं नव्यानं बांधून देत होती, कुठे बासरीला जागा काढून, कुठे क्लॅरिनेटला दोन ताना जास्त देऊन. साहेब म्हणायचे, "मॅडमचा हात फिरला की पद उजळतं." तबलजी तिच्यासाठी घरून फणसाची साटं आणायचे. कोणीही तिच्याशी वाईट वागलं नाही. आम्ही तिच्यावर प्रेम करत होतो आणि ती आमच्यात बसून दर रविवारी आमचंच वाजवून घेत होती.

मग तिचं पोट दुखायला लागलं. इथल्या डॉक्टरांनी कोल्हापूरला पाठवलं. आंबा घाटातून आम्ही किती वेळा गेलो आलो ते आता आठवत नाही. दर खेपेला ती खिडकीशी बसायची आणि वळणांवर माझं मनगट धरायची. मला वाटायचं, तिला मळमळतंय म्हणून धरते.

एका दुपारी हॉस्पिटलमध्ये सलाईन संपत आलं होतं आणि मी थेंब बघत बसलो होतो. मी म्हटलं, "तुझी ती रचना... आपण या डिसेंबरात वाजवू या. मी सगळ्यांशी बोलतो."

तिनं डोळे उघडले. "नको रे. आता नको."

"का?"

"दया येऊन वाजवाल. मग तबलजी रडतील आणि साहेब सूर उतरवतील, माझ्यासाठी. ते चांगलं वाजणार नाही."

 थोड्या वेळानं तीच म्हणाली, "दादा, तुला एक सांगू? त्या दिवशी तू गज ठेवलास ना, तेव्हा मला वाटलं, तू माझंच सुरू केलंस. पहिला सूर तोच होता. बाई निवेदनाला उठल्यासुद्धा नाहीत नीट, आणि हा सुरू करतोय. मला इतका आनंद झाला की मी ठोके मोजायचं ठरवलं. बघू या म्हटलं, माझे चाळीस किती वेळात होतात." ती हसली. "मग तू खाली उतरलास."

मला तिची क्षमा मागायची होती. तोंडातून आलं ते असं, "लोक हसतील असं वाटलं गं."

"हसले असते," ती म्हणाली. "मी पण हसले असते. हसण्यानं काय होतं?" मग हात पुढे करून म्हणाली, "बघू, दे." मी मनगट दिलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तिनं मोजलं. तिची बोटं गार होती आणि त्यांच्यात दाबायची ताकद नव्हती. "अठ्ठ्याण्णव," ती म्हणाली. "वाढली तुझी."

मार्चमध्ये तिला घरी आणलं आणि एप्रिल संपायच्या आत ती गेली. आंब्याच्या पेट्या गल्लीतून रोज जात होत्या, टेम्पोत चढत होत्या, कोणी हाका मारत होतं. शेवटच्या दिवशी दुपारी मी तिच्या मनगटावर बोटं ठेवून बसलो होतो. ठोके लागत होते, मग लांबले, मग एक आला आणि पुढचा आला नाही. तो येईल म्हणून मी किती वेळ बसलो होतो ते मला सांगता येणार नाही. शेजारच्या वहिनींनी माझा हात सोडवला.

तेराव्यानंतर वाद्यवृंदातले सगळे घरी आले. ओळीनं बसले, चहा घेतला.  उठता उठता तबलजींनी विचारलं, "मास्तर, बायचे ते कागद हायत काय?"

"आहेत."

"काढा एकदा."

तिनं दया येऊन वाजवाल असं म्हटलेलं मी त्यांना सांगितलं. ते पुन्हा खाली बसले. "मग दया यायची थांबेपर्यंत थांबू," ते म्हणाले. "पण काढा."

आम्ही पावसाळाभर थांबलो. गणपती झाले, दिवाळी झाली. तोवर मी ते कपाट उघडलं नव्हतं. उघडलं तेव्हा खाकी लिफाफे एकावर एक नीट ठेवलेले होते, नऊ. प्रत्येकावर वाद्याचं नाव, आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं प्रत्येकाच्या नाडीचा आकडा. तबल्याच्या लिफाफ्यावर चोपन्न. बासरीवर सत्तर. व्हायोलिनच्या लिफाफ्यावर ब्याण्णव लिहून खोडलेलं होतं आणि त्याच्यापुढे, वाकड्यातिकड्या, कापऱ्या अक्षरात, अठ्ठ्याण्णव. म्हणजे हॉस्पिटलमधून घरी आल्यावर, भिंत धरून चालायची तेव्हा कधीतरी, ती या कपाटापर्यंत आली होती. मला नको म्हणाल्यानंतर.



नोव्हेंबरच्या एका रविवारी, चित्रकलेच्या वर्गात, आम्ही आठजण जमलो. सतारवाले पुण्याला मुलाकडे गेले होते. श्रोते कोणी नव्हते. फळ्यावर मुलांनी काढलेला मोर होता, अर्धाच रंगवलेला. मी कागद वाटले. साहेबांनी आपला कागद दोनदा वाचला आणि क्लॅरिनेटवाल्याला म्हणाले, "तू सरळ धर. मी उतरतो." नंतर मला कळलं, ते महिनाभर घरी दार लावून तेवढंच करत होते. त्यांच्या सौभाग्यवतींनी विचारलंसुद्धा होतं, बासरीला चीर गेली का म्हणून.

मी कोमल धैवत लावला. लांब. कुठेही उतरलो नाही. मग एकेकजण येत गेला. पुष्कळ चुकलं. पेटीवाले सवयीनं दोनदा षड्जावर येऊन बसले आणि दचकून उठले. क्लॅरिनेटवाल्याची मान आपोआप हलली, नसलेल्या समेवर. पण बासरी आणि क्लॅरिनेट त्या एका सुरावर शेजारी शेजारी आले आणि साहेबांनी किंचित, खरंच केसभर, आपला सूर उतरवला, तेव्हा मधल्या हवेत ती थरथर उठली. मी खूप वर्षं भाट्याचा पूल बघतोय. पाण्यावरच्या होड्या मला त्या दिवशी ऐकू आल्या. ती ते ऐकायला नव्हती.

आम्ही थांबलो. वाद्यं मांडीवर ठेवली. बोटं मनगटावर.

माझे चाळीस झाले. मला कळलं की झाले. गज उचलायचा होता आणि माझा हात उठत नव्हता. एक्केचाळीस, बेचाळीस. मी उचलला की ती शांतता संपणार होती, आणि तिच्या हाताचं म्हणून तेवढंच उरलं होतं. समोर सगळे खाली बघून बसले होते. कोणाचे चाळीस झाले असतील, कोणाचे व्हायचे असतील. पण मी आधी, हे सगळ्यांच्या इतकं अंगात मुरलेलं होतं की माझा गज उठल्याशिवाय कोणीच उठेना. कोणासाठी थांबायचं नाही असं तिनं लिहिलं होतं. आम्ही सगळे एकमेकांसाठी थांबलो होतो. साठ, सत्तर. माझ्या ठोक्यांना आता काही अर्थ राहिला नव्हता तरी मी मोजत होतो.

मग डग्ग्यावर एक हात पडला. हलकेच, पोकळ. तबलजींचे चाळीस झाले होते. त्यांनी कोणाकडे बघितलं नव्हतं, डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते, आणि तिनं सांगितलं होतं तेवढं त्यांनी मोजलं होतं. त्यांनी आपले चार हात वाजवले. त्यांच्यामागून क्लॅरिनेट आलं, मग बासरी, मग पेटी, सगळं उलट्या क्रमानं. एकेकाचे चार सूर झाले आणि एकेकजण गप्प झाला. मी वाजवलं नाही. माझे चार सूर कागदावर होते तसेच राहिले.

 कोणी भैरवी घेऊ या असं म्हणालं नाही. साहेबांनी बासरी पुसून पिशवीत घातली. क्लॅरिनेटवाला खिडकीशी जाऊन उभा राहिला. मी व्हायोलिन पेटीत ठेवत होतो तेव्हा तबलजी गुडघ्यावर हात टेकत माझ्याजवळ येऊन बसले.

"मास्तर, तुमची जागा राह्यली की."

"हो."

"मला दिसत होती. शेवटाला एवढी मोठी, रिकामी." त्यांनी आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. "हात जात होता. भरली नाय मी."

मी मान हलवली. पेटीचं झाकण लावलं. मग आम्ही दोघांनी मिळून सतरंजी गुंडाळली आणि बाकं पुन्हा जागेवर ओढली, दुसऱ्या दिवशी मुलांना लागणार होती म्हणून.